रेक्टरबाईंचं वाक्य

देवयानी पुण्यात अकरा वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होती आणि त्या अकरा वर्षांत कुणाच्या खोलीचं दार वाजवून तिने उत्तराची वाट पाहिली नाही. टकटक केली की ती आतच. शहाण्णव मुली होत्या. कुणाच्या ताटात पोळी तशीच राहते, कुणी आठवडाभर केस धुतलेले नाहीत, घरचा फोन आला की जिन्यात जाऊन तासभर बोलणारी अचानक दोन मिनिटांत का आटपते, हे तिला न सांगता कळायचं. मग ती मुलीला न विचारता तिच्या घरी फोन लावायची. मुली नाकं मुरडायच्या, पाठीमागे तिला 'सीबीआय' म्हणायच्या, आणि चार-पाच वर्षांनी लग्न ठरलं की पहिली पत्रिका तिला यायची. तिला ह्या कामाचं कुणी शिक्षण दिलेलं नव्हतं आणि ते द्यावं असं कुणाला वाटलंही नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याला, यतीनला, लंडनमधल्या एका बँकेत नोकरी लागली आणि दोघं तिथल्या एजवेअर भागात राहायला आली. पहिलं वर्ष देवयानीने एका दुकानात शेल्फं भरण्यात घालवलं. मग कुणीतरी सांगितलं की इथे विद्यार्थ्यांची देखभाल करण्याचंसुद्धा पदव्युत्तर शिक्षण असतं. दोन वर्षं शिकायचं, आठवड्यातून तीन दिवस एखाद्या युनिव्हर्सिटीच्या स्टुडंट सपोर्टच्या ऑफिसात उमेदवारी करायची, शेवटी पोर्टफोलिओ सादर करायचा, की मग कायमची नोकरी. अकरा वर्षं जे आपलं आपण केलं ते आता शेहेचाळिसाव्या वर्षी परीक्षा देऊन शिकायचं. देवयानीने फॉर्म भरला. दुकानातल्या शेल्फांपेक्षा मुली बऱ्या, एवढाच विचार होता.

वर्गात बाराजण होते आणि ती सगळ्यांत मोठी. तिथे तिला नवे शब्द मिळाले. 'बाउंडरी' म्हणजे मुलीच्या आणि आपल्या मधली रेघ, जी ओलांडायची नाही. 'सिग्नपोस्टिंग' म्हणजे मुलगी रडत आली की तिला योग्य त्या खात्याचा पत्ता द्यायचा. रस्त्यावरची पाटी करते तेवढंच करायचं. पाटी कधी कुणासोबत चालत गेल्याचं ऐकिवात नाही. खोलीवर एकट्याने जायचं नाही. मुलगी अठरा वर्षांची झाली की ती सज्ञान, तिचं सगळं तिच्या मालकीचं, आईबापांनी फोन केला तर त्यांना सांगायचं एकच वाक्य ठरलेलं होतं: अशी कुणी व्यक्ती आमच्याकडे शिकते किंवा नाही, हे मी सांगू शकत नाही.

नियम मूर्खपणाचा होता असं कुणी समजू नये. फोनवर बाप म्हणून बोलणारा माणूस बाप असतोच असं नाही, आणि असला तरी मुलगी त्याच्यापासूनच पळून आलेली असू शकते. वर्गात तशा केसेस सांगितल्या तेव्हा देवयानीच्या अंगावर काटा आला होता. तेव्हा अजून येत होता.

तिच्या ऑफिसातली सुपरवायझर शिल्पा. जन्म एजवेअरचा, आजोबा कधीकाळी दादरहून आलेले, मराठी कानाने शिकलेली. मनाने फार चांगली. सरावाच्या दिवशी शिल्पा वर्गात येऊन काळजीत पडलेली आई झाली आणि देवयानीने ते वाक्य म्हणायचं होतं. देवयानी म्हणाली, "अहो, काळजी करू नका, मी बघते तिच्याकडे." वर्ग हसला. ती नापास झाली. दुसऱ्यांदा तिने वाक्य म्हटलं, पण आवाज कापला. तिसऱ्यांदा कापला नाही. मग ती बसमध्ये, जिन्यात, भाजी चिरताना ते वाक्य म्हणत राहिली. महिन्याभरात ते असं बसलं की शिल्पाने दुसऱ्या मुलांना दाखवायला तिला पुढे उभं केलं.

वाक्य बसलं आणि त्याच्याबरोबर आणखी काहीतरी बसून गेलं. एकदा जेवताना यतीनने सांगितलं की त्याच्या मोठ्या बहिणीची, आशाताईंची, गाठ साधी निघाली नाही. देवयानी त्याच्याकडे बघून म्हणाली, "हे ऐकून तुला कसं वाटलं?" यतीनने घास खाली ठेवला. "माझ्याशी ऑफिसात बसल्यासारखं बोलू नकोस," तो म्हणाला. तिला राग आला नाही, वाईटही वाटलं नाही. तिने ताटं उचलली. आशाताईंनी तिच्या लग्नात तिच्या हातावर मेंदी काढली होती हे तिला आठवत होतं, पण वर्तमानपत्रात वाचल्यासारखं. रोज ऑफिसात पाच-सहा मुलं येऊन बसत, कुणी घटस्फोटाचं सांगे, कुणी भुकेचं, ती मान हलवी, पत्ते देई, नोंद लिही. संध्याकाळी घरी येताना खांद्यावर काही नसे. ह्यालाच प्रोफेशनल म्हणत असतील, असं तिने ठरवून टाकलं.

आता वैजयंतीबाई. ह्या कराडच्या, प्राथमिक शाळेत शिकवून नुकत्याच निवृत्त झालेल्या. नवरा लवकर गेला. त्यांची मोठी मुलगी वरदा देवयानीच्या वसतिगृहात तीन वर्षं होती. वरदाला एकदा डेंग्यू झाला आणि ती 'साधा ताप आहे' म्हणून अंगावर काढत होती, तेव्हा देवयानीने कराडला फोन लावून आईला बोलावून घेतलं होतं. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर अवघड होतं. तेव्हापासून वैजयंतीबाईंच्या लेखी देवयानीच्या वर फक्त देव, आणि तोसुद्धा फार वर नाही. धाकट्या मुलीचं नाव पूर्वी. ती शिकायला लंडनला जायचं म्हणाली तेव्हा दोन युनिव्हर्सिट्यांतून प्रवेशाची पत्रं आली होती. वैजयंतीबाईंनी देवयानीची उमेदवारी कुठे चालू आहे ते विचारलं आणि तिथलं पत्र निवडलं. दुसरी युनिव्हर्सिटी जास्त नावाजलेली होती. पण तिथे रेक्टरबाई नव्हत्या.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी ही पूर्वी देवयानीसमोर येऊन बसली. ओठ फुटलेले, स्वेटर उलटा. जानेवारीत ती चारपैकी दोन विषयांत नापास झाली होती. लेक्चरला जाणं बंद केलं होतं. आठ दिवसांपूर्वी तिने फोन बंद करून कपाटात ठेवला होता.

"आई रोज विचारते, अभ्यास कसा चाललाय," पूर्वी म्हणाली. "मी खोटं बोलू शकत नाही तिच्याशी. मावशी, तिला कळतं लगेच. म्हणून मी बोलतच नाही."

"इथे मला देवयानी म्हण," देवयानी म्हणाली. तसा नियम होता. मग तिने ठरलेले प्रश्न विचारले. झोप येते का? खातेस का? स्वतःला काही करून घ्यावं असे विचार येतात का? पूर्वी म्हणाली, तसं काही नाही, फक्त लाज वाटते. देवयानीने ते लिहून घेतलं. फेरपरीक्षेची माहिती दिली, डॉक्टरची वेळ घेऊन दिली.

"आईला सांगणार नाही ना तुम्ही?"

"तुझ्या परवानगीशिवाय नाही."

"मी देत नाहीये परवानगी."

"ठीक आहे. तिला एखादा मेसेज तरी करावास असं मी सुचवेन. पण निर्णय तुझा आहे."

पुण्यातली देवयानी असती तर ह्या वाक्यावर खदखदून हसली असती. निर्णय तुझा म्हणे. एजवेअरची देवयानी नोंद लिहीत होती: विद्यार्थिनी सुरक्षित आहे, तातडीचा धोका नाही, कुटुंबाशी संपर्कास नकार.

मंगळवारी सकाळी तिच्या मोबाइलवर वैजयंतीबाईंचा मेसेज आला. पूर्वीचा फोन नऊ दिवस लागत नाही, नातेवाइकांत बोभाटा नको म्हणून कुणाला बोलले नाही, तुम्हीच तेवढं बघून सांगा. देवयानीने मेसेज जसाच्या तसा शिल्पाला दाखवला. शिल्पा क्षणभर विचारात पडली आणि मग तिचा चेहरा उजळला. पोर्टफोलिओमध्ये देवयानीची एकच गोष्ट राहिली होती: घरच्यांचा फोन हाताळताना सुपरवायझरने प्रत्यक्ष ऐकायचा आणि गुण द्यायचे.

"पर्सनल फोनवर आन्सर नको देऊ," शिल्पा म्हणाली. "ऑफिसच्या नंबरवर यू कॅन डू इट प्रॉपर्ली. थर्सडेला मी फ्री आहे, इलेव्हनला. आणि मराठीतच बोल, मला समजते. कॉलर कंफर्टेबल पाहिजे."

देवयानीने कराडला कळवलं: गुरुवारी इथल्या अकरा वाजता, म्हणजे तुमच्या साडेचारला, ह्या नंबरवर फोन करा. पूर्वीलाही ऑफिसच्या पद्धतीप्रमाणे इमेल पाठवली, की तुझ्या घरून विचारणा झाली आहे. पूर्वीने इमेल उघडलीच नाही. तिने इमेल उघडणंही सोडलं होतं.

तिकडे वैजयंतीबाईंनी दोन दिवस त्या वेळेची वाट पाहिली. साध्या 'बरी आहे' ह्या उत्तरासाठी वेळ कशाला ठरवावी लागते, हे त्यांना कळेना. बुधवारी त्यांनी वरदाला साताऱ्याहून बोलावून घेतलं.

गुरुवारी अकराला फोन वाजला. शिल्पा कानाला दुसरा रिसीव्हर लावून समोर बसली होती, हातात फॉर्म.

"रेक्टरबाई, मी वैजयंती. कधीची घड्याळाकडे बघत बसलेय. पूर्वीचं काय?"

"वैजयंतीताई, तुम्ही फोन केलात ते बरं केलंत," देवयानी म्हणाली. आवाज मऊ होता, जसा असायला हवा तसा. "तुम्हाला काळजी वाटतेय हे मी समजू शकते. पण अशी कुणी व्यक्ती आमच्याकडे शिकते किंवा नाही, हे मी सांगू शकत नाही."



"म्हणजे? अहो, पूर्वी. आपली पूर्वी."

"कुणाच्याच बाबतीत मी काही सांगू शकत नाही. अशी कुणी विद्यार्थिनी असल्यास, तुमचा निरोप तिच्यापर्यंत पोचवला जाईल."

"असल्यास," वैजयंतीबाई म्हणाल्या. "तुम्हाला ठाऊक आहे, पण सांगता येत नाही. असंच ना?"

"मी त्याबद्दल काही बोलू शकत नाही."

"बरं."

फॉर्मवर शेवटचा रकाना होता: फोन करणाऱ्याच्या मनःस्थितीची विचारपूस केली का? देवयानीला तो रकाना पाठ होता. "ताई, घरात तुमच्याजवळ कुणी आहे का आत्ता?" तिने विचारलं. "एकट्या नाही ना तुम्ही?"

"वरदा आहे."

"मग चांगलं आहे. जरा बसा. पाणी घ्या थोडं. आणि वरदाला जवळच राहू दे आज."

"हो," वैजयंतीबाई म्हणाल्या. त्यांनी आणखी काही विचारलं नाही. फोन ठेवल्याचा आवाजही अगदी हळू आला.

शिल्पाने रिसीव्हर खाली ठेवला. "देवयानी, दॅट वॉज ब्यूटिफुल. शेवटी तू विचारलीस ना, कुणी आहे का जवळ? ते कोणी रिमेंबर करत नाही. फुल मार्क्स." तिने फॉर्मवर सही केली. देवयानीने थँक यू म्हटलं. दीड वाजता तिने डबा उघडला, दोडक्याची भाजी होती, ती सगळी खाल्ली.

तीन वाजता ऑफिसच्या काउंटरपाशी साठीचे एक गृहस्थ आले. काळा कोट, हातात प्लॅस्टिकची फाइल. त्या वेळी काउंटरवर देवयानीच होती. तिच्या बिल्ल्यावरचं आडनाव वाचून त्यांनी मराठीत सुरुवात केली, आवाज अगदी खाली आणून.

"मी उदय. इथेच लंडनमध्ये, इल्फर्डला असतो. पूर्वीचा मामा, म्हणजे सख्खा नाही, वैजयंतीचा मावसभाऊ. दुपारी वरदाचा फोन आला. मी काम सोडून तसाच निघालो."

"बोला," देवयानी म्हणाली.

"आमच्या मंडळातल्या दोघांच्या वेळी मीच सगळं केलं होतं, सो आय नो द प्रोसीजर. हाय कमिशनचा नंबर आहे माझ्याकडे. कागद इथून मिळतील की हॉस्पिटलमधून?" मग काउंटरवर थोडे वाकून म्हणाले, "तिला ठेवलंय कुठे?"

देवयानीच्या तोंडाने आपण होऊन सुरुवात केली, "अशी कुणी व्यक्ती..."

"हो, हो," उदयमामा म्हणाले आणि त्यांनी समजुतीने मान हलवली. "तुम्हाला फोनवर सांगता येत नाही, आय अंडरस्टँड. तसं कुणी सांगतही नाही. म्हणून तर प्रत्यक्ष आलो."

तेव्हा देवयानीला कळलं.

आपल्याकडे माणूस गेल्याचं फोनवर कुणी सांगत नाही. 'जरा जास्त आहे, निघून या' म्हणतात. 'तुम्ही एकट्या आहात का, कुणी आहे का जवळ' असं विचारतात. 'पाणी घ्या, बसा' म्हणतात. सांगणारा मुख्य शब्द टाळतो आणि ऐकणारा तो टाळण्यावरूनच ओळखतो. देवयानीचे वडील गेले तेव्हा तिच्या भावाने सांगलीहून असाच फोन केला होता, "दादांना जरा बरं नाहीये, यतीन घरी आहे ना?" आणि तिने एक प्रश्नही न विचारता कपाटातून बॅग काढली होती. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं, आणि शिल्पाला कुणी शिकवलं नाही ह्यात शिल्पाचा दोष नव्हता. पण देवयानीला माहीत होतं. सकाळी अकरा वाजता तिने एका आईला, तिच्याच भाषेत, त्याच पद्धतीने, मुलगी मेल्याचं कळवलं होतं. आणि वर दोडक्याची भाजी खाल्ली होती.

"ती जिवंत आहे," देवयानी म्हणाली.

उदयमामांनी फाइल काउंटरवर ठेवली. "कोण?"

"पूर्वी. आहे. तिच्या खोलीत आहे. सोमवारी माझ्यासमोर बसली होती, ह्या इथे."

"मग कराडमध्ये..." ते म्हणाले. "अहो, तिथे शेजारच्या बायका येऊन बसल्यात. वैजयंती बोलत नाहीये दुपारपासून. मग तुम्ही सकाळी असं का सांगितलंत?"

"मी काहीच सांगितलं नाही," देवयानी म्हणाली. "सांगायचं नाही असा नियम आहे."

त्यांनी चष्मा काढला आणि कोटाच्या टोकाने पुसत राहिले. पुसून झाला तरी लावला नाही. देवयानीने त्यांना खुर्ची दिली, काउंटरवर 'थोड्या वेळात येते' अशी पाटी ठेवली आणि ती बाहेर पडली.

हॉस्टेल पाच मिनिटांवर होतं. तिने पूर्वीच्या दाराची बेल दाबली आणि उत्तर येईपर्यंत दार हाताने वाजवत राहिली. पूर्वीने दार उघडलं. हातात वाटी होती, दूध आणि सीरियल. कुणी मेलेलं असं दिसत नाही.

"कोट घाल. आईला फोन करायचाय."

"मावशी, तुम्ही म्हणाला होतात..."

"तिला वाटतंय तू गेलीस."

"कुठे?" पूर्वी म्हणाली. मग देवयानीच्या तोंडाकडे बघून तिला समजलं आणि वाटी तिने जिथे हात होता तिथेच सोडून दिली. दूध जमिनीवर पसरलं. दोघींनी ते पुसलं नाही.

ऑफिसच्या छोट्या खोलीत उदयमामांनी आपल्या फोनवरून वरदाला लावला आणि काही न बोलता फोन पूर्वीच्या हातात दिला. त्यांनी एकदा तिच्या डोक्यावर हात ठेवून पाहिला, खात्री केल्यासारखा.

"ताई, मी," पूर्वी म्हणाली.

तिकडे फोन पडल्याचा आवाज आला, मग खूप बायकांचा एकदम आवाज, मग एक दार लागलं. त्यानंतर वैजयंतीबाई. त्या रडल्या नाहीत. "आवाज कसा येतोय तुझा?" त्या म्हणाल्या. "सर्दी झालीय का?" पूर्वी मात्र हुंदके देऊन रडायला लागली आणि देवयानी बाहेर आली.

बाहेर शिल्पा उभी होती. तिला सगळं कळलं होतं, तिचे डोळे लाल झाले होते. तरी हातात फॉर्म होता, कारण तो भरायलाच हवा होता.

"आय ॲम सो सॉरी," ती म्हणाली. "पण मला रिपोर्ट करावं लागेल. स्टुडंटचा परमिशन नव्हती, आणि तू एकटी रूमवर गेलीस. बघ, सकाळची कॉल पास आहे, ते मी चेंज नाही करणार. ह्या फॉर्ममध्ये शेवटी विचारलंय, व्हॉट वुड यू डू डिफरंटली. तिथे फक्त लिही की आधी सुपरवायझरला विचारलं असतं. दॅट्स ऑल. पॅनल ॲक्सेप्ट करेल. तू पास होशील."

देवयानीने फॉर्म घेतला. नाव घातलं, तारीख घातली, शेवटच्या प्रश्नापाशी आली. लिहिलं: सकाळीच आईला सांगितलं असतं, मुलगी ठीक आहे.

शिल्पाने वाचलं. "हे नको लिहू. ह्यावर ते तुला फेल करतील. दोन वर्षं वेस्ट होतील, देवयानी. जॉब पण नाही मिळणार."

"माहीत आहे."

"मग?"

"असू दे तसंच," देवयानी म्हणाली.

ह्यात शौर्य बिर्य काही नव्हतं. लिहिलेलं खरं होतं आणि तिला दुसरं काही सुचत नव्हतं. दोन वर्षं गेली ह्याचं दुःख व्हायला हवं होतं, तेही होत नव्हतं. ती सही करत होती तेवढ्यात पूर्वी दार उघडून आली, नाक लाल, हातात उदयमामांचा फोन.

"आईला तुमच्याशी बोलायचंय."

देवयानीने फोन कानाला लावला. माफी मागायची, हे तिने ठरवलं होतं. "वैजयंतीताई," ती म्हणाली.

"सोमवारी पूर्वी तुमच्यासमोर बसली होती?"

"हो."

"म्हणजे मी साडेचारला फोन केला तेव्हा तुम्हाला माहीत होतं. ती चालतेय, बोलतेय, खातेय, सगळं."

"हो. ताई, मला तसं म्हणायचं नव्हतं, तुम्हाला असं वाटेल हे माझ्या..."

"तुम्हाला तसं म्हणायचं नव्हतं ते मला कळलंय आता. पूर्वीनं सांगितलं, तिनंच नको म्हटलं होतं. तिलाही मी बोलणार नाही. नापास झाली तर झाली." वैजयंतीबाई शांतपणे बोलत होत्या, वर्गात धडा सांगावा तशा. "मी काय करत होते सांगते. तिच्या लहानपणचे कपडे कुठे ठेवलेत ते आठवत होते. पाच तास झाले. पाच तास माझ्याकडे मुलगी नव्हती, रेक्टरबाई. आणि तुमच्याकडे होती."



"ठेवते," वैजयंतीबाई म्हणाल्या.

फोन बंद झाला तरी देवयानीने तो कानावरून काढला नाही. पूर्वी, शिल्पा आणि उदयमामा तिघंही तिच्याकडे बघत होते. तिला लाज वाटली. गळ्यापासून कानांपर्यंत तापत गेलेली, आठवीतल्या मुलीला वाटावी तशी उघडी लाज. कित्येक महिन्यांनी तिला काहीतरी वाटलं होतं, आणि ते हे होतं.